सपाट्या, सुरकुत्या आणि मंडळी: डिक ट्रेसीतला तुमचा आवडता खलनायक कोण?

रेघोट्या (धागाकर्ता)

गेले दोन-तीन महिने रात्री झोपण्याआधी जुना डिक ट्रेसी वाचायचं व्यसन लागलंय. रोजची चार चौकोनांची पट्टी, म्हणजे पाच मिनिटांत कथेतला एक आठवडा संपतो. मग "अजून एकच आठवडा" करत करत दीड वाजतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चेस्टर गूल्ड या चित्रकाराने ऑक्टोबर १९३१ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत ही डिटेक्टिव्ह चित्रपट्टी सुरू केली आणि १९७७ च्या नाताळपर्यंत स्वतः चालवली. पुढे ती इतरांच्या हाती गेली. नायक म्हणजे पिवळा ओव्हरकोट, पिवळी हॅट आणि फुटपट्टी लावून काढल्यासारखं नाक. पण ट्रेसीसाठी ट्रेसी वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. आपण सगळे खलनायकांसाठीच येतो.

तर प्रश्न साधा आहे. आवडता खलनायक कोण, आणि का? अट एकच: "चेहरा भारी आहे" हे कारण चालणार नाही. चेहरे सगळ्यांचेच भारी आहेत.

सुरुवात मीच करतो. माझं मत शेकीला. हा खंडणीखोर सतत थरथरत असतो. गूल्ड त्याची बाह्यरेषाच तुटक-तुटक काढतो, त्यामुळे शेजारी ठाम रेषेत काढलेली खुर्चीसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त जिवंत वाटते. १९४५ च्या सुरुवातीला, ऐन थंडीत, पोलीस मागे लागलेले असताना तो एका धक्क्याखालच्या पोकळीत जाऊन लपतो. बाहेर पाणी आदळतंय, गोठतंय. गूल्ड घाई करत नाही. रोज थोडंथोडं करून बाहेर पडायची वाट बर्फाने बुजत जाते आणि आपण बघत राहतो. जन्मभर थरथरलेला माणूस तिथे हलायचा थांबतो. ट्रेसीला गोळी झाडावी लागत नाही, त्याला हे घडतंय याचा पत्ताही नसतो. मला त्या रात्री पांघरूण घेऊनही थंडी वाजली.

जुनी शाई

छान धागा. शेकीबद्दल पूर्ण सहमत, पण पहिला नंबर सपाट्याचाच. फ्लॅटटॉप जोन्स. डिसेंबर १९४३ ते मे १९४४, जेमतेम सहा महिने, आणि आजही ट्रेसी म्हटलं की ट्रेसीनंतर त्याचंच नाव येतं.

त्या काळी अमेरिकेत विमानवाहू युद्धनौकेला बोलीभाषेत "फ्लॅटटॉप" म्हणत. महायुद्धाच्या बातम्यांत रोज येणारा शब्द. गूल्डने तो उचलला आणि एका भाडोत्री मारेकऱ्याच्या डोक्यावर ठेवला. डोकं वरून सपाट, जड पापण्या, बारीकसं तोंड. गाव ओक्लाहोमातलं कुकसन हिल्स, म्हणजे प्रिटी बॉय फ्लॉइड या खऱ्याखुऱ्या बँक-लुटारूचा मुलूख. गूल्ड स्वतःही ओक्लाहोमाचाच, पॉनी गावचा.

चेहरा हे कारण चालणार नाही म्हणालात, म्हणून खरं कारण सांगते. सपाट्याला ट्रेसीला मारायची सुपारी मिळते. ट्रेसी हातात येतो. आणि हा पठ्ठ्या मारायचं सोडून सुपारी देणाऱ्यांकडेच भाव वाढवून मागतो! तिथून त्याची सगळी घसरण. दुष्टपणापायी नाही, हावरटपणापायी तो संपतो. पुढे व्हायटॅमिन फ्लिंटहार्ट या जुन्या, नाटकी नटाकडे लपून बसतो, तेव्हा तर मारेकऱ्यापेक्षा न हलणाऱ्या पाहुण्यासारखा वाटायला लागतो. शेवटी कोलंबसच्या सांता मारिया जहाजाची प्रतिकृती उभी असते, तिच्याखाली पाण्यात अडकून बुडतो. तो मेल्यावर वाचकांनी शोकसंदेश पाठवले होते. एका भाडोत्री खुन्यासाठी!

बोळा

सपाट्याला +१.

मी आधी सिनेमा पाहिला, १९९० चा, वॉरन बेटीचा. लहान होतो. गोष्ट काडीची कळली नव्हती, पण लाल, पिवळा, हिरवा असे मोजकेच रंग आणि रबरी तोंडांची टोळी डोक्यात बसली ती बसलीच. मेकअपला ऑस्कर मिळालं होतं ना त्याला?

माझं मत ब्रेथलेस महोनीला. तीच ती चेहरा नसलेली "ब्लँक" निघते तो प्रसंग आठवा.

खडूस काका

बोळासाहेब, घोटाळा करताय.

ऑस्कर बरोबर. मेकअप, कलादिग्दर्शन आणि गाणं, अशी तीन मिळाली. पण ब्लँक आणि ब्रेथलेस एकच, हे सिनेमावाल्यांनी जुळवलेलं लग्न आहे. मूळ पट्टीत दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ब्लँक आला १९३७ मध्ये. फ्रँक रेडरम नावाचा गुन्हेगार, गोळीने चेहरा उद्ध्वस्त झालेला, तोंडावर कापड बांधून आपल्याच जुन्या साथीदारांना एकेक करून संपवणारा. "रेडरम" इंग्रजीत उलटं वाचा, "मर्डर" येतं. गूल्डला हा चाळा फार. ब्रेथलेस आली १९४५ मध्ये, आणि ती वर उल्लेख आलेल्या शेकीची सावत्र मुलगी. बाप बर्फाखाली आणि मुलगी त्याच्या पैशांमागे. पट्टीतल्या ब्रेथलेसला गाणंबिणं येत नाही, तिला पैसे हवे असतात. सिनेमातल्या गायिकेपेक्षा ती मला कितीतरी पटीने जास्त भीतिदायक वाटते.

बोळा

काका, णिषेध! बालपण हिरावून घेतलंत. (ह. घ्या.)

अर्धविराम

मूडचा विचका करायचा नाहीये, पण बोलायला हवं. कुरूप म्हणजे वाईट, ही या पट्टीची पायाभूत कल्पना आहे आणि मला ती वाचताना टोचते. ज्याला सुरकुत्या तो नाझी हस्तक, ज्याची उंची कमी तो खुनी. १९४० च्या जेरोम ट्रोजचंच बघा. ठेंगणा माणूस, सेंट बर्नार्ड कुत्र्यावर बसून फिरतो, आणि आडनाव काय, तर "शॉर्ट" उलटं करून "ट्रोज". ही कल्पकता नाही, शाळेच्या मधल्या सुट्टीतली चिडवाचिडवी आहे. "आवडता कोण" या खेळात आपण हे सहज विसरतो.

जुनी शाई

अर्धविराम, मुद्दा रास्त आहे आणि ट्रोजच्या बाबतीत मी वकिली करणार नाही. पण काळ बघा. पट्टी सुरू झाली ४ ऑक्टोबर १९३१ ला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शिकागोत अल कपोन करचुकवेगिरीच्या खटल्यात दोषी ठरला. पट्टीतला पहिला मोठा खलनायक बिग बॉय हा कपोनवरूनच बेतलेला. तेव्हा टोळीवाले म्हणजे भारी सूट, फोटोला हसरी पोज. गूल्डला गुन्हेगारी देखणी दिसायला नको होती, म्हणून त्याने तिला कुरूप केलं. माणसाच्या व्यंगाकडे बोट दाखवणं हा हेतू नव्हता, एवढंच म्हणते. परिणाम काय झाला हा वेगळा प्रश्न.

आणि बी. ओ. प्लेंटी आणि ग्रॅव्हल गर्टी? तो अंगाला वास मारणारा दाढीवाला, ती करड्या जटांची, गालावर मांस नसलेली बाई. दोघं पट्टीत आली तेव्हा गुन्ह्यांच्या कडेकडेनेच वावरत होती. प्लेंटीने तर पैशांसाठी ब्रेथलेसचा गळा धरला होता! पुढे १९४६ मध्ये गूल्डने त्या दोघांचं लग्न लावलं, १९४७ मध्ये त्यांना स्पार्कल नावाची मुलगी झाली, आणि त्या मुलीच्या बाहुल्या अमेरिकेत धडाधड विकल्या गेल्या. सगळ्या पट्टीतलं सगळ्यात प्रेमळ घर या दोघांचं आहे.

अर्धविराम

गर्टीचा मुद्दा मान्य. तरी ती दोघं "विनोदी" म्हणून सुटतात, "सामान्य" म्हणून नाही. पूर्ण पटलं नाही, पण अर्धं पटलं. नावाला जागते.

मात्र याच कारणासाठी माझं मत ब्लँकला. त्याच्याकडे हसायला चेहराच नाही. गूल्डने तिथे काहीही काढलं नाही, आणि तीच त्याची सगळ्यात भयंकर आकृती झाली.

तिरपा बाण

माझं सदस्यनाम कुठून आलं हे आज सांगायची वेळ आली! :)

गूल्डचे बाण. चौकोनात मनगटावर रेडिओ दिसतोय, आपल्याला दिसतोय, ट्रेसी त्यात बोलतोय, तरी वर बाण काढून लिहिलेलं असणारच: "टू-वे रिस्ट रेडिओ". (तो रेडिओ जानेवारी १९४६ चा. खिशातला फोन यायला अजून अर्धं शतक होतं.) सुरुवातीला मला हे बाळबोध वाटायचं. मग लक्षात आलं की खलनायकांच्या पाठलागात हेच बाण काय काम करतात. सगळं चित्र काळ्या शाईत बुडालेलं. ठोस काळा, मधल्या छटा नाहीत. त्यात एक पांढरी फट, आणि फटीकडे बाण. म्हणजे आपल्याला माहीत, लपलेल्याला माहीत, ट्रेसीला माहीत नाही. तो बाण म्हणजे वाचकाच्या कानात कुजबुज आहे.

खलनायक म्हणाल तर मोल. १९४१. जमिनीखाली राहणारा, फरार गुन्हेगारांकडून पैसे घेऊन त्यांना बिळात लपवणारा. काळी शाई वापरायला याहून चांगलं निमित्त गूल्डला दुसरं मिळालं नसेल.

कंदीलवाला

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली का? गूल्डला थंडीचं वेड होतं.

लिटल फेस फिनी, १९४१: शीतगृहात अडकतो, हिमदंशाने कान जातात. प्रूनफेस, म्हणजे आपला सुरकुत्या: गोठून मरतो. मग त्याची बायको सूड घ्यायला येते आणि ट्रेसीला कसं मारायचं ठरवते? ट्रेसी खाली जखडलेला, वर बर्फाच्या लाद्यांवर तोललेलं अवजड फ्रीज, मध्ये टोकदार खिळा. बर्फ वितळेल तसा खिळा खाली येणार. पिस्तूल झाडलं असतं तर दोन सेकंदांचं काम, पण बाईंना सोहळा हवा होता. आणि त्यावर शेकी.

माणूस शिकागोत नोकरी करणारा, राहायला जवळच्या वुडस्टॉकला. तिथला हिवाळा हाडात मुरला असणार. मला तर वाटतं ट्रेसीतला सगळ्यात मोठा मारेकरी सपाट्या नाही, जानेवारी महिना आहे.

रेघोट्या

कंदीलवाला, _/\_ हे अजिबात लक्षात आलं नव्हतं.

याला जोडून: गूल्डचे मृत्यू धंद्याला धरून असतात. बी-बी आइज बघा, बारीक छर्‍यांसारखे डोळे असलेला. १९४२, अमेरिका नुकतीच युद्धात उतरलेली, रबराचा तुटवडा, टायरवर रेशनिंग. हा चोरीच्या टायरचा काळाबाजार करतो. शेवटी कचरा वाहून नेणाऱ्या बार्जवर लपतो, कचऱ्याबरोबर पाण्यात ओतला जातो आणि एका टाकाऊ टायरमध्ये अडकून बुडतो. वाचकाच्या स्वतःच्या गाडीचे टायर झिजलेले असताना सकाळच्या पेपरात हे वाचायला मिळालं असेल, तर त्याला काय वाटलं असेल!

खडूस काका

ब्राऊला विसरलात सगळे. कपाळभर खोल घड्या असलेला हेर, १९४४. ग्रॅव्हल गर्टी पट्टीत येते तीच मुळी याच्यामुळे. जखमी होऊन तिच्या दारी येतो आणि त्याचा चेहरा धड न पाहताच ती त्याच्या प्रेमात पडते. आख्ख्या पट्टीत एखाद्या खलनायकावर कोणी मनापासून जीव लावला असेल तर तो याच्यावर.

शेवट असा. ट्रेसी टेबलावरची शाईची दौत उचलून फेकतो. ती कपाळावर बसते, ब्राऊ तोल जाऊन खिडकीतून बाहेर आणि खाली ध्वजस्तंभ. पुढचं चित्र गूल्डने चुकवलेलं नाही, सगळं दाखवलंय. युद्धकाळात हेराला ध्वजस्तंभावर लटकवणं, यात गूल्डला संकोच असा वाटलाच नाही.

मला मात्र त्या दौतीचं अप्रूप. जो माणूस रोज शाईतून खलनायक जन्माला घालतो तो एकाला दौतीनेच मारतो. मुद्दाम केलं असेल का? की टेबलावर तेवढं एकच जड काहीतरी होतं?

बोळा

काका, दौतीसाठी तुमचे सगळे गुन्हे माफ.

मम्बल्सला कोणीच मत दिलं नाही? १९४७. गिटारवाला, चौघांची वाद्यमंडळी घेऊन श्रीमंतांच्या पार्ट्यांत जातो आणि पाहुण्यांनाच लुटतो. ओठ न हलवता बोलतो, त्याच्या फुग्यातली अक्षरं एकमेकांवर चढलेली. मी मराठी करून पाहिलं: "हावरककरातनाईतरगोळीघालीन". मोठ्याने वाचा, जमतंय.

आणि हो, सिनेमाबद्दल एक तरी चांगलं बोलू द्या. डस्टिन हॉफमनचा मम्बल्स. पोलीस त्याचा जबाब टेप करतात आणि संथ गतीने वाजवतात, तेव्हा सगळं स्वच्छ कळतं!

खडूस काका

तो प्रसंग मलाही आवडतो. इथेच सांगतोय, बाहेर बोलू नका.

नवशिकी

नमस्कार, इतके दिवस वाचनमात्र होते. यातलं काहीच वाचलेलं नाही, पण आता राहवत नाहीये. सुरुवात कुठून करू? पहिल्यापासून, १९३१ पासून?

जुनी शाई

स्वागत! १९३१ पासून नको. सुरुवातीचं चित्र कच्चं आहे, खलनायक साधे टोळीवाले आहेत आणि तुम्ही मध्येच सोडून द्याल. गूल्डची सगळी वर्षं आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने २००६ पासून जाडजूड खंडांत काढली आहेत. त्यातला १९४३-४४ चा भाग उचला. सपाट्या, मग ब्राऊ, मग शेकी, एकापाठोपाठ एक. मधे श्वास घ्यायला जागा नाही.

आणि वाचताना एक लक्षात ठेवा: पुढे काय होणार हे बऱ्याचदा गूल्डलाही माहीत नसायचं. तो नायकाला आधी खड्ड्यात घालायचा आणि मग कसं काढायचं याचा विचार करायचा. एकदा ट्रेसी असा काही अडकला की काही केल्या सुटेना. तेव्हा गूल्डने काय काढलं असेल? ट्रेसी वर बघून चित्रकारालाच हाक मारतो आणि गूल्डचा हात खोडरबर घेऊन खाली येतो! वृत्तपत्रांना ही पट्टी पुरवणाऱ्या सिंडिकेटचे प्रमुख जोसेफ पॅटरसन यांनी ते छापायला साफ नकार दिला. "प्लेनक्लोद्स ट्रेसी" या मूळ नावाचं "डिक ट्रेसी" करणारे तेच.

तिरपा बाण

ते खोडरबर छापलं गेलं असतं तर मी घरात फ्रेम करून लावलं असतं.

कंदीलवाला

नवशिकी, १९६० च्या दशकात मात्र एकट्या जाऊ नका. फ्लायफेसभोवती सतत माश्या घोंगावतात, जेवताना वाचू नये. त्यानंतर ट्रेसी चंद्रावर जातो. हो, चंद्रावर. १९६४ मध्ये मून मेड नावाची शिंगंवाली मुलगी येते आणि ट्रेसीच्या दत्तक मुलाशी तिचं लग्न होतं.

खडूस काका

चंद्राचा काळ मी दोनदा प्रयत्न करून सोडला. ज्याच्याकडे अंतराळयान आहे त्याला धक्क्याखाली लपलेल्या माणसाचं काय भय! खलनायक पळतो तेव्हा जग त्याच्यापेक्षा मोठं असावं लागतं. थंडी, भूक, भाड्याची खोली, संशय घेणारी घरमालकीण. हे काढून घेतलं की उरतात नुसते रबरी चेहरे.

त्यातही एक गंमत. १९६६ मध्ये हाफ-अँड-हाफ आला, अर्धा चेहरा ॲसिडने जळालेला. बॅटमॅनचा टू-फेस १९४२ चाच. एरवी बॅटमॅनच्या चित्रविचित्र खलनायकांवर ट्रेसीची छाप आहे असं आपण छाती फुगवून सांगतो. इथे वारं उलटं वाहिलेलं दिसतं.

अर्धविराम

गूल्डनंतरचंही थोडं बोलू. मॅक्स ॲलन कॉलिन्सने लेखन हाती घेतल्यावर १९७८ मध्ये मून मेडला बॉम्बस्फोटात मारून चंद्राचं प्रकरण संपवलं. त्यानेच सपाट्याची मुलगी एंजलटॉप आणली, आणि सुरकुत्याला गोठलेल्या अवस्थेतून परत जिवंत केलं. कंदीलवाला, तुमचा जानेवारी महिना तिथे हरला. :)

२०११ पासून माइक कर्टिस आणि जो स्टॅटन यांनी जुन्या मंडळींची मुलं-नातवंडं, भाचे-पुतणे सगळे गोळा केले. मला ते आवडलं, पण एक हुरहुर आहे. गूल्डकडे मेलेला खलनायक मेलेला असायचा. शेकी बर्फाखाली गेला तेव्हा तो परत येणार नाही हे वाचकाला माहीत होतं, म्हणून तर ते आठवडे इतके जड जातात.

रेघोट्या

अर्धविराम, म्हणजे तुमचं एक मत शेकीलाही धरू का?

अर्धविराम

अर्धं.

नवशिकी

मिळालं पुस्तक! काल रात्री बसले. सपाट्याने ट्रेसीला पकडलंय आणि आता पैसे वाढवून मागतोय. त्याचे ते अर्धे मिटलेले डोळे बघून राग येण्याऐवजी मला त्याची काळजीच वाटायला लागली आहे. एवढी हाव करू नकोस रे, असं दोनदा पुटपुटले.

पुढे काय होतं ते सांगू नका हं कोणी.

बोळा

...जुनी शाई, तुमचा पहिला प्रतिसाद संपादित करता येतो का बघा.